पुरांत बुडालेला ट्रॅक्टर आणि आपली घाई

पुराचें पाणी ओसरलें म्हणजे गांवांत पहिला प्रश्न घराचा, दुसरा जनावरांचा आणि तिसरा ट्रॅक्टरचा असतो. घर व जनावरें यांविषयीं आपण पिढ्यांच्या अनुभवानें कांहीं शिकलों आहों. ट्रॅक्टरविषयीं मात्र अद्यापि अडाणीच आहों, असें म्हणण्यास हरकत नाहीं. कृष्णा-पंचगंगेच्या कांठच्या गांवांनीं २००५, २०१९ व २०२१ असे तीन मोठे पूर अवघ्या सोळा वर्षांत पाहिले. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर चढलें, आणि २००५ सालची खूण मनांत धरून निर्धास्तपणें शेडांत उभे केलेले कित्येक ट्रॅक्टर बॉनेटासह बुडाले. हें संकट दैवी खरें. परंतु माझें स्पष्ट मत असें आहे कीं, उभ्या स्थितींत बुडालेलीं एंजिनें पाण्यानें क्वचितच मोडतात. पाणी ओसरल्यावर पहिल्या दोन दिवसांत आपणच तीं मोडतों.

माझी सारी नोकरी महसूल खात्याचें दप्तर सांभाळण्यांत गेली. मी मिस्त्री नव्हे. तथापि पुरानंतर पंचनामे लिहीत दारोदार फिरतांना जें डोळ्यांनीं पाहिलें आणि नंतर जाणत्या कारागिरांपाशीं बसून समजून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवण्यास कमीपणा वाटत नाहीं.

डिझेल एंजिनांत हवा दाबली जाते, ती मूळ जागेच्या सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्शांत. सिलिंडर पाऊण ते एक लिटराचा धरला तर पिस्टन अगदीं वर आल्यावर शिल्लक उरणारी जागा पन्नास-साठ मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप चहाइतकी. हवा दबते, पाणी दबत नाहीं. तेव्हां तेवढें पाणी सिलिंडरांत असतां एंजिन फिरविलें तर पिस्टन वाटेंतच अडतो आणि सारा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वांकतो, किंवा मोडून ब्लॉकच्या भिंतींतून बाहेर येतो. उभें एंजिन आठ दिवस पाण्यांत राहिलें तरी त्याला मुख्यतः गंज चढतो, आणि गंजाला उपाय आहे. फुटलेल्या ब्लॉकला काय उपाय करणार?

आतां आपली रीत पहा. बॅटरी भिजून निकामी झालेली असते, सेल्फ फिरत नाहीं; मग दुसरा ट्रॅक्टर आणून, दोर बांधून, गिअर टाकून ओढावयाचें! याहून घातक उपाय शोधून सांपडणार नाहीं. सेल्फचा जोर बेताचा असतो. पाण्यापाशीं अडला तर तो निदान थांबतो. ओढणारा ट्रॅक्टर थांबत नाहीं. आमच्या तालुक्यांत एका गृहस्थांचा कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर याच रीतीनें पूर ओसरल्याच्या तिसऱ्या दिवशीं सुरू झाला. सर्वांनीं पाठ थोपटली, चार दिवस नांगरटही झाली. पुढें एका सकाळीं वांकलेला रॉड तुटून ब्लॉक फुटला. पुरानें झालें असतें तें काम तेल, फिल्टर व मजुरीचें. घाईनें झालें तें नव्या एंजिनाच्या किंमतीचें, आणि बँकेचे हप्ते कांहीं थांबले नाहींत.

म्हणून आधीं पाणी कोठवर चढलें होतें तें पहावें. गाळाची रेघ मडगार्डावर स्पष्ट दिसते. रेघ एअर क्लीनरच्या तोंडाखालीं असेल आणि आंतील नळी कोरडी असेल तर सिलिंडरांत पाणी जाण्याचा संभव थोडा. रेघ वर असेल तर पाणी आंत आहे असेंच समजून चालावें. प्रथम बॅटरीची तार सोडावी. ऑइलची पट्टी काढून पहावी: ऑइल दुधाळ झालें असेल किंवा खुणेच्या वर चढलें असेल तर त्यांत पाणी आहे. परंतु येथें पुष्कळजण फसतात. पाणी जड, तें चेंबरच्या तळाशीं बसतें, आणि पट्टीला वरचें स्वच्छ ऑइल लागतें. खरी परीक्षा खालचा बूच हळूच ढिला करण्यांत आहे. पाणी असेल तर आधीं तेंच येईल. डिझेलच्या टांकीचीही गोष्ट हीच, डिझेल वर आणि पाणी खालीं.

त्यानंतर सर्व नोझल काढवून, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून एंजिन हातानें सावकाश फिरवावें. भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात. तोंड दूर ठेवावें. पाणी निघून गेल्यावर प्रत्येक सिलिंडरांत थोडें ऑइल सोडून पुनः फिरवावें. मिस्त्री आठवडाभर मिळणार नसेल तर निदान इतकें तरी पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावें, कारण ओल्या लोखंडाला हवा लागली कीं गंज फार वेगानें चढतो. रॉड वांकला आहे कीं नाहीं याचीही साधी परीक्षा आहे. प्रत्येक पिस्टन वर आणून नोझलच्या भोकांतून तार टेकवावी व खूण करावी; एका सिलिंडरांत तार अधिक खोल जात असेल तर हेड उघडल्यावांचून पुढें जाऊं नये.

डिझेल पंप मात्र गांवांत उघडूं नये. तो त्या कामाच्या कसबी माणसाकडेच पाठवावा. टांकी धुवून, फिल्टर बदलून, हवा काढून एंजिन सुरू झालें म्हणजे साधें नवें ऑइल घालून कांहीं मिनिटें बिनभाराचें, मंद चालवावें, गरम असतांनाच तें काढून टाकावें, आणि दुधाळपणा जाईपर्यंत हें पुनः करावें. दोन वेळां ऑइल फेंकणें जिवावर येतें हें मी जाणतों. गिअर, डिफरन्शिअल, ब्रेक आणि चाकांचे बेअरिंग यांतही पाणी शिरतें. तिकडे बहुधा कोणी पहातच नाहीं.

'मिस्त्रीचें काम मिस्त्रीला ठाऊक, मालकानें यांत पडूं नये,' असें कांहीं मंडळी म्हणतात. एरव्हीं मलाही तें मान्य आहे. परंतु महापुरानंतर शंभर ट्रॅक्टरांमागें एक मिस्त्री असतो, आणि प्रत्येक दारीं त्याला घाई असते. अशा वेळीं 'नोझल काढल्याविना फिरवूं देणार नाहीं' एवढें बजावण्याचा अधिकार मालकाचाच आहे.

विम्याचाही येथें संबंध येतो. केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा असेल तर पुराचें कांहींच मिळत नाहीं. स्वतःच्या नुकसानीचा असेल तरी, बुडालेलें एंजिन नंतर चालवून मोडलें असें दिसल्यास कंपनी बहुधा एंजिनापुरती हात वर करते. यासाठीं ट्रॅक्टर जागचा हलविण्यापूर्वीं गाळाच्या रेघेसह त्याचीं छायाचित्रें घ्यावीं आणि कंपनीस लेखी खबर देऊन पोंच ठेवावी.

आपला संघ खतें व बियाणें एकत्र खरेदी करतो. त्याच रीतीनें नदीकांठच्या प्रत्येक गांवीं नोझल काढण्याचीं हत्यारें, तेल उपसण्याचा हातपंप आणि फिल्टरांचा थोडा साठा उंच जागीं ठेवावा, व दोन तरुणांस मे महिन्यांतच हें काम शिकवून ठेवावें, अशी सूचना मी येत्या वार्षिक सभेंत मांडणार आहें. सभासदांनीं खर्चाचा अंदाज मागितल्यास तोही लिहून आणीन.