मोफत शस्त्रक्रिया आणि पोडापासूनची वाट

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या वसतिगृहातील एक खाट रिकामीच राहिली. सातवीतला तो विद्यार्थी किनवटच्या डोंगरातील एका कोलाम पोडावरचा. पंधरा दिवस वाट पाहून मी त्याच्या घरी गेलो. काठीचे एक टोक धरून तो पुढे चालला होता. दुसरे टोक त्याच्या आजीच्या हातात होते. आईवडील कापूस वेचणीला आदिलाबादकडे गेलेले. आजीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हते. "सर, हिला एकटीला टाकून कसा येऊ?" असे त्याने विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आजीचा आजार दुर्धर नव्हता. तो मोतीबिंदू होता. डोळ्यातील गढूळ झालेले भिंग काढून तेथे कृत्रिम भिंग बसवले की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेला सहसा अर्धा तासही लागत नाही. आपल्या देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि शासकीय रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. तरीही 2015 ते 2019 या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळेच असल्याचे आढळले. उपाय ठाऊक आहे, तो विनामूल्य आहे, आणि माणसे आंधळीच आहेत. हे कसे?

याचे एक सोपे उत्तर आपल्याकडे नेहमी तयार असते: आदिवासी अंधश्रद्धाळू आहेत, ते दवाखान्याला भितात. त्या आजीची हकिगत मात्र वेगळी होती. ती एकदा शिबिराला गेली होती. तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला; आठ दिवसांनी या, असे सांगून तिला परत पाठवले गेले. वैद्यकीय दृष्ट्या तो सल्ला योग्यच असेल. परंतु पहिल्या खेपेला न्यायला गाडी आली होती, दुसऱ्या खेपेला कोणी आले नाही. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून अधिक दूर. पोडापासून डांबरी सडकेपर्यंतची पायपीट वेगळीच. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडणार, ती कोण भरून देणार? कोलामी बोलणाऱ्या वृद्धेला रुग्णालयातील खिडक्या आणि कागद कोण समजावणार? शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वेळच्या वेळी डोळ्यांत थेंब कोण घालणार, आणि फेरतपासणीला परत कोण नेणार? शस्त्रक्रिया मोफत होती. तिच्यापर्यंतची वाट मोफत नव्हती.

मी इतिहासाचा शिक्षक. सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख मी दरवर्षी वर्गात शिकवतो. माणसांच्या आणि जनावरांच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे त्यात नमूद आहे. त्याच लेखात रस्त्यांच्या कडेला विहिरी खोदल्याचा आणि झाडे लावल्याचाही उल्लेख येतो. औषध आणि वाट या दोन्हींची सोय एकाच लेखात का सांगितली असावी, याचा विचार मी त्या पोडावरून परतताना प्रथमच केला. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी भिक्खू फाहियान पाटलिपुत्रातील धर्मार्थ दवाखान्यांचे वर्णन करतो. तेथेही निर्धन रुग्णाला औषधाबरोबर अन्न मिळत होते आणि बरा वाटेपर्यंत तो तेथे राहू शकत होता. रोग्याची जबाबदारी केवळ उपचाराच्या घटकेपुरती नसते, हे आपल्या भूमीला नवे नाही.

आधुनिक काळातील अनुभवही हेच सांगतो. 1976 मध्येच मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. केवळ शस्त्रक्रिया फुकट ठेवून गरीब रुग्ण येत नाही, त्याच्या जाण्यायेण्याची आणि जेवणाची सोयही करावी लागते, हे तेथे लवकरच उमगले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्या पथकाने तेथील मूलनिवासींच्या वस्त्यांवर जाऊन डोळे तपासण्यास आरंभ केला आणि त्या कामात मूलनिवासी कार्यकर्त्यांनाच सोबत घेतले. पुढे 2008 मध्ये त्या देशात झालेल्या पाहणीत एक विलक्षण गोष्ट दिसली. मूलनिवासी मुलांची नजर इतर मुलांपेक्षा सरस होती. चाळिशीपुढील मूलनिवासींमध्ये मात्र अंधत्व इतरांच्या सहापट होते. अर्थ स्पष्ट आहे. निसर्गाने डोळे चांगलेच दिले होते. समाजाने आणि शासनव्यवस्थेने ते जपले नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातही दाखले आहेत. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गोंड लोकांना विचारून, त्यांच्या घरांसारखा दवाखाना उभारला व त्यास माँ दंतेश्वरीचे नाव दिले. मेळघाटात धारणीजवळ नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव कोरकू रुग्णांमध्ये राहून त्यांच्या डोळ्यांवर उपचार करीत आल्या आहेत. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे सुपुत्र डॉ. तात्याराव लहाने यांनी तर लाखाहून अधिक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या. कौशल्याची वाण मराठवाड्याला नाही. वाण आहे ती पोड आणि रुग्णालय यांना जोडणाऱ्या माणसांची.

म्हणून शासनाकडे आपली मागणी असावी की, शिबिरात किती शस्त्रक्रिया झाल्या एवढेच मोजू नये. किती जणांना परत पाठवले आणि त्यांतील किती पुन्हा आले, हेही मोजावे. सोबत्याची बुडालेली मजुरी, दुसऱ्या खेपेची गाडी आणि रुग्णाच्या भाषेत बोलणारा माणूस हा उपचाराचाच भाग मानावा. ही दया नव्हे, हक्क आहे. अंधत्वाला पूर्वजन्मीचा भोग समजून गप्प बसण्याची रीत आपण तरी चालवू नये. पूर्वकर्माच्या त्या कल्पनेची चिकित्सा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये केलेलीच आहे.

परंतु शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. या शाळेचे माजी विद्यार्थी आज हदगाव, हिमायतनगर, किनवट, माहूरच्या गावोगावी शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, वाहनचालक म्हणून उभे आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील, तांड्यावरील, पोडावरील पन्नाशीपुढील माणसांची नजर पाहावी. तीन मीटरवरून हाताची बोटे मोजता येत नसतील, तर त्या व्यक्तीचे नाव लिहून घ्यावे आणि शस्त्रक्रियेपासून शेवटच्या फेरतपासणीपर्यंत तिच्यासोबत जावे. मोतीबिंदू पुरता पिकेपर्यंत थांबा, ही जुनी समजूत आता सोडून द्यावी.

संस्थेपुढेही माझा एक प्रस्ताव आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत आपले वसतिगृह रिकामे असते. त्यातील दोन स्वच्छ खोल्या दूरच्या पोडांवरून येणाऱ्या नेत्ररुग्णांसाठी व त्यांच्या सोबत्यांसाठी उघडाव्यात. रक्तदाब उतरेपर्यंत आठ दिवस थांबायचे असेल तर ते येथे थांबतील. थेंब घालायला आपली माणसे असतील.

त्या आजीची शस्त्रक्रिया दोन वर्षांनी झाली. तिला दिसू लागले. नातवाची शाळा मात्र सुटली ती सुटलीच. तो आता तिच्या शेजारी बसून नव्हे, तर आईवडिलांबरोबर दूरच्या शेतात कापूस वेचतो. त्याच्या हातातील काठी वेळीच आपण धरली असती, तर आज या स्मरणिकेतील माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचेही नाव असते. ती यादी वाचताना मला न छापलेले ते एक नाव प्रथम दिसते.

जय भीम!