रानटी कोण, आणि ते उठतात केव्हा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू पुण्याहून मंद्रूपला आला, की त्याचे पहिले दोन दिवस आंबे, विहीर आणि आजीच्या हातची शेंगाची चटणी यांत जातात. तिसऱ्या दिवशी तो आपला लॅपटॉप उघडून बसतो. परवा दुपारी तो असाच बसला होता आणि एकदम ओरडला, "आबा, रानटी उठले! माझं शहर लुटतायत!"

हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवून मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. 'सिव्हिलायझेशन' हा तो खेळ. सिड मायर यांनी १९९१ मध्ये तो आणला आणि पुढे त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा. आपण राजा. गाव वसवायचे, नांगर काढायचा, लिपी शोधायची, रस्ते बांधायचे. आणि हे चालू असताना मधूनच कुठून तरी रानटी टोळ्या येतात आणि केलेल्या कामावर पाणी फिरवतात.

"पण हे उठतात केव्हा? काही नियम असेल ना?" मी विचारले. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला नियम विचारल्यावाचून राहवत नाही.

नियम होता. पटावरच्या ज्या घरावर कोणाचीच नजर नाही, जे अंधारात आहे, तिथेच त्यांचा तळ पडतो. तिथे नुसता एक पहारेकरी नेऊन उभा केला, तरी तळ पडत नाही. तळातून आधी एकटा टेहळ्या निघतो, आपले शहर पाहून परत जातो आणि मग टोळी येते. म्हणून टेहळ्याला वाटेतच गाठायचे. इथवर मला सगळे पटत होते. आपल्याकडचे किल्ले, चौक्या, गावचा जागल्या यांच्यामागेही तोच विचार आहे.

मग त्याने दुसरा नियम सांगितला. आपल्या राज्यात सुखसोयी कमी पडल्या, प्रजा फार असंतुष्ट झाली, की आपल्याच हद्दीत बंडखोर उभे राहतात. त्याने एका जुन्या डावातले चित्र दाखवले. पाहतो तो तेच कपडे, तीच हत्यारे, तेच निशाण. अंधारातून आलेला आणि आपल्याच वेशीच्या आतला, यांत काडीचा फरक नाही.

"अरे, ही तर तुझीच माणसं. यांना रानटी का म्हणायचं?"

"गेममध्ये त्यांच्यासाठी वेगळं चित्रच नाही आबा," तो सहज म्हणाला आणि पुढची चाल खेळला.

मला मात्र त्या वाक्याने दुपारची झोप येऊ दिली नाही.

कारण आपल्या महाराष्ट्रात असे एक बंड खरोखर झाले आहे. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजार भरला होता. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितले काय? वह्या आणि कर्जरोखे. ते हाती आल्यावर भर बाजारात त्यांची होळी केली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरेही पेटली, हे लपवायचे कारण नाही. पण ज्या सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, त्याला बहुधा कोणी हात लावला नाही. महिना-दोन महिन्यांत हे लोण नगर जिल्ह्यात गेले आणि तीसहून अधिक गावांत पसरले. सरकारने फौज आणली, साडेनऊशेच्या वर माणसे धरली. इतिहासाच्या पुस्तकांत याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

हे दंगे एका बाजारच्या दिवशी झाले, पण त्यांची तयारी पंधरा वर्षे चालली होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना त्याआधी पाऊण कापूस अमेरिकेतून मिळत असे. तो थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. सावकार आपण होऊन दारात पैसे घेऊन येऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, सावकाराने हात आखडता घेतला. त्याच सुमारास जमीनमहसुलाच्या पहिल्या आकारणीची तीस वर्षांची मुदत संपून नवी आकारणी आली. सारा कुठे दीडपट झाला, कुठे दुप्पट. पीक तेच, जमीन तीच.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे कायदा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे चालेल असे ठरवले. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये हा. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार जुने मुद्दल आणि व्याज एक करून त्याचे नवे मुद्दल लिही आणि नव्या कागदावर अंगठा घेई. आमच्या बँकेच्या भाषेत याला 'नवे-जुने करणे' म्हणतात. हा शब्द मी नोकरीत हजारदा वापरला. त्याचे वय एवढे आहे, हे मला निवृत्तीनंतर इतिहास वाचताना कळले.

टेहळ्याही येऊन गेला होता. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकाराशी व्यवहार तोडला. कोणी हाणामारी केली नाही, फक्त पाठ फिरवली. त्या पाठींकडे वेळीच कोणी पाहिले असते, तर सुप्याची होळी कदाचित पेटली नसती.

खरे तर आता मला माझ्याबद्दल लिहायला हवे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मी नवा फील्ड ऑफिसर होतो. बँकेचे नाव इथे नको. चूक बँकेची कमी आणि माझी जास्त आहे. भीमेकाठच्या एका गावात विहिरींसाठी कर्जे दिली होती. पाणी लागले नाही. हप्ते थकले, की शाखेची थकबाकी कमी दिसावी म्हणून आम्ही नवे-जुने करून घ्यायचो. मार्चअखेर मी वसुलीची जीप घेऊन त्या गावी गेलो. एका म्हाताऱ्याने जीपपुढे येऊन कन्नडात काहीतरी विचारले. आमच्या या भागात अर्धा बाजार कन्नडात चालतो, पण मी शिकलो-सवरलेला मराठी माणूस. 'यंडुगुंडू' म्हणून कानाआड करायची सवय. शिपायाने उलथा केला, "सायेब, तो म्हणतोय, मी अंगठा कशावर दिलाय ते वाचून दाखवा."

कागद इंग्रजीत होता. मी म्हणालो, फाईल शाखेत आहे. ती माझ्या बॅगेत होती.

मग माणसे जमली, जीपच्या चाकांची हवा गेली, कोणीतरी दगड भिरकावला. मला लागला नाही. रात्री शाखेत बसून मी अहवाल लिहिला. 'गावातील काही समाजकंटकांनी वसुलीपथकावर हल्ला केला.' पुढच्या खेपेला आमच्याबरोबर पोलीस आले. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचा त्या अहवालात उल्लेख नव्हता. माझ्याकडेही दुसरे चित्र नव्हते.

'बार्बेरियन' हा शब्द मूळचा ग्रीकांचा. ज्यांची भाषा आपल्याला 'बर-बर' अशी ऐकू येते, ते रानटी. म्हणजे त्यांच्याबद्दल तो शब्द एवढेच सांगतो, की ते आम्हाला समजत नाहीत.

इंग्रज सरकारनेही सुप्याच्या बंडाचा अहवाल करवून घेतला. १८७८ च्या त्या अहवालाने सगळा दोष सावकाराच्या माथी मारला, सरकारी साऱ्याला निर्दोष ठरवले. अहवाल लिहिणाराचा हात आपल्याकडे वळत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो. तरी त्या सरकारने एक केले. १८७९ मध्ये पुणे, सातारा, नगर आणि आमचे सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यावर थांबू नये, व्यवहाराच्या मुळाशी जाऊन पहिले खरे मुद्दल किती ते शोधावे, असे त्यात होते. कर्जदाराला पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क दिला. त्या म्हाताऱ्याने याहून वेगळे काय मागितले होते?

दगड मारणे योग्य होते असे मी म्हणत नाही. वसुली झाली नाही तर बँक बुडते आणि ठेवी शेजारच्याच गरिबांच्या असतात. कर्जमाफ्याही आपण पाहिल्या, १९९० ची, २००८ ची. त्यांनी आकडा पुसला, पण कागद वाचून दाखवला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की माणसे नुसत्या गरिबीने उठत नाहीत. आमच्या जिल्ह्याने गरिबी आणि दुष्काळ मुकाट सोसले आहेत. माणसे उठतात ती विचारायचे दार बंद झाल्यावर. आज अंगठा कागदावर नाही, मोबाइलच्या काचेवर उमटतो. इंग्रजी अटींचा तो लांबलचक मजकूर कोण वाचतो? म्हणून प्रत्येक कर्जदाराला त्याच्या भाषेत, त्याच्यासमोर, खात्याचा इतिहास पहिल्या रुपयापासून वाचून दाखवणे सक्तीचे असावे. पाऊण तासाचे काम आहे. पोलीस बंदोबस्ताहून ते नक्कीच स्वस्त पडेल.

संध्याकाळी नातवाने आणखी एक बातमी दिली. २०२५ मध्ये निघालेल्या नव्या आवृत्तीत 'रानटी' हा शब्दच काढून टाकला आहे. आता ते 'स्वतंत्र सत्ता' आहेत. त्यांच्याशी लढता येते, तशी मैत्रीही करता येते.

"मग आता सोपं झालं असेल?" मी विचारले.

"नाही आबा, अवघड झालं. आता आधी ते कोण आहेत ते बघावं लागतं."

माझा तो अहवाल कुठल्या तरी शाखेच्या जुन्या कपाटात अजून असेल किंवा वाळवीने खाल्ला असेल. त्यातला 'समाजकंटक' हा शब्द खोडून तिथे एक वाक्य लिहायची मला इच्छा आहे. कर्जदाराने कागद वाचून दाखवण्याची विनंती केली, ती अधिकाऱ्याने मान्य केली नाही.