झिंग्याचं बी ओतण्याआधी पाण्याची ओळख करून द्या



तलाव भरले की बियाची गाडी येते. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली आपल्याला पाठ आहेत. पण आता झिंग्याचीही चर्चा आहे. तेलंगणात 2016 साली मोफत मत्स्यबीज वाटप सुरू झालं आणि 2017 पासून निवडक जलाशयांत मोठ्या झिंग्याचं, म्हणजे स्कॅम्पीचं, बी सोडायला सुरुवात झाली. झिंग्याला माशापेक्षा भाव चांगला, म्हणून सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेत. ते बरोबरच आहे. पण आमचं म्हणणं एवढंच, की झिंग्याला माशाच्या मापाने मोजू नका. हे जनावर अर्धं गोड्या पाण्याचं आणि अर्धं खाऱ्या पाण्याचं आहे.

मोठा झिंगा वाढतो गोड्या पाण्यात. मादी पोटाखाली अंडी घेऊन फिरते, सुमारे तीन आठवडे. अंडी आधी नारिंगी असतात, पिकत आली की राखाडी होतात. हे जाळ्यात पुष्कळांनी पाहिलं असेल. पण फुटलेलं पिल्लू गोड्या पाण्यात जगत नाही. चार-पाच दिवसांत त्याला निमखारं पाणी मिळालं नाही तर खेळ खलास. समुद्राच्या एका लिटरात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. या पिल्लाला 12 ग्रॅमच्या आसपास लागतं. तिथे ते अकरा अवस्था पार करतं, महिनाभराने झिंग्याच्या रूपात येतं आणि मग नदीने उलटं वर चढायला लागतं.

हे माणसालाही फार उशिरा कळलं. मोठी मादी अंडी देते, पिल्लं निघतात आणि मरतात, असं कोडं होतं. 1961 साली मलेशियात पेनांगच्या संशोधन केंद्रात शाओ-वेन लिंग या तज्ज्ञाने ते सोडवलं: पिल्लाला मीठ पाहिजे. आजच्या सगळ्या स्कॅम्पी हॅचऱ्या त्या एका शोधावर उभ्या आहेत.

आता आपल्या तामसीचा हिशेब करा. वड्डाडीच्या मत्तडीवागू प्रकल्पातली मादी समुद्राकडे निघाली असं धरा. आधी धरणाची भिंत. मग पैनगंगा, तिच्यावर चनाखा-कोरट्याचा बंधारा. पुढे वर्धा, प्राणहिता, मग गोदावरी. गोदावरीवर मेडीगड्डा, आणि शेवटी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचं धरण. शेकडो किलोमीटर, आणि वाटेत दारं बंद. म्हणून आपल्या तलावातला मोठा झिंगा वाढेल, विकला जाईल, पण त्याची पिढी इथे होणार नाही. "एकदा सोडला की पैदास होत राहील" असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. दर वर्षी नवं बी लागणार. संस्थेच्या वहीत तो खर्च दर वर्षीचा म्हणूनच धरला पाहिजे.

खाऱ्या-गोड्याचा एवढा फरक का पडतो? कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. मनुके पाण्यात टाकले की फुगतात. झिंग्याच्या अंगाचंही तसंच. खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. गोड्या पाण्यात पाणी आत शिरतं आणि मीठ बाहेर झिरपतं. जगायचं तर कल्ल्यांनी रात्रंदिवस मीठ आत ओढायचं किंवा बाहेर फेकायचं काम करावं लागतं. पाणी बदललं की हे काम उलटं फिरवावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

हॅचरीत स्कॅम्पीच्या पिल्लाला पहिला घास आर्टेमियाचा देतात. आर्टेमिया हा खाऱ्या सरोवरातला बारका जीव. त्याची सुकी अंडी डब्यात भरून येतात, अमेरिकेतल्या युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून तर मोठ्या प्रमाणावर. तो समुद्राच्या कितीतरी पट खाऱ्या पाण्यात राहतो, पण त्याचं रक्त मात्र फारसं खारट होत नाही. पायांवरच्या कल्ल्यांनी तो मीठ सतत बाहेर फेकत राहतो. त्या पाण्यात मासा टिकत नाही, म्हणून त्याला खाणारा मासाही नाही. पण ही ताकद त्याच्या कुळाने लाखो वर्षांत कमावली.

त्याच्याच नात्यातला डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, आपल्या तलावात आहे आणि माशाची पिल्लं त्यावरच वाढतात. अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तळ्यांत उतरतं. न्यूयॉर्क राज्यातल्या संशोधकांनी 2017 साली दाखवलं, की पाणपिसू पाच ते दहा पिढ्यांत, म्हणजे अडीच महिन्यांत, जास्त मीठ सोसायला शिकते. पण फुकट नाही. जास्तीत जास्त मीठ सोसणाऱ्या पिसवांचं दिवस-रात्रीचं आतलं घड्याळच बिघडलं.

म्हणजे बारका जीव जुळवून घेतो, पण वेळ घेऊन आणि किंमत मोजून. पाणपिसूला पिढ्या मिळाल्या. आपल्या झिंग्याच्या पिल्लाला आपण किती वेळ देतो? पिशवी फोडली, ओतली, फोटो काढला, गाडी गेली. दोन मिनिटं! हॅचरीत पिल्लू हळूहळू गोड्यावर आणतात हे खरं, पण घाईत आणलं की नीट आणलं हे पिशवीकडे बघून कळत नाही. वरून पाण्याचा गरमपणा वेगळा, पाण्याचा गुण वेगळा. मेलेलं पिल्लू माशासारखं पोट वर करून तरंगत नाही. तळाला जातं, कुणाला दिसत नाही. सहा महिन्यांनी जाळं रिकामं आलं की आपण नशिबाला बोल लावतो.

म्हणून बी सरकारी असो की विकतचं, प्रत्येक संस्थेने एवढं धरून चालावं असं आमचं मत आहे:

एक, बी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उतरवा, भर उन्हात नाही.

दोन, पिशवी बंदच ठेवून अर्धा तास तलावात तरंगू द्या. मग तोंड उघडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घाला. तासभर जाऊ द्या, पिल्लं आपली आपण बाहेर निघू द्या.

तीन, संस्थेने खारेपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर घ्यावं. पिशवीतलं पाणी खारं निघालं तर बी उतरवून घेऊ नका.

चार, मोजून शंभर पिल्लं हाप्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी जिवंत किती ते मोजा. तो आकडा तारखेसह वहीत लिहा, दोन सभासदांच्या सह्या घ्या.

काही जण म्हणतात, गाडीवाला थांबत नाही, पुढच्या गावाला जायचं असतं. बरोबर आहे, त्याचीही अडचण आहे. पण वर्षभर वाट आपण बघायची, होडी-जाळ्याचा खर्च आपण करायचा आणि दीड तास थांबायचं म्हटलं की आपणच अवघडायचं, हे कसं चालेल? एकटा सभासद बोलला तर कुणी ऐकणार नाही. संस्थेचा ठराव असला की थांबावंच लागतं.

आणि एक विनंती. आपल्या नाल्यातला बारका झिंगा, जो आयाबाया सुकवून विकतात, त्याचीही कदर करा. त्याचे पूर्वज समुद्रातलेच. पण त्याने समुद्राचा नाद सोडला: अंडी थोडी घालतो, पण मोठी, आणि पिल्लू गोड्या पाण्यातच वाढतं. त्याला ना हॅचरी लागते ना गाडी. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर बारीक आसाच्या जाळीने डबकं खरवडून काढू नका, थोडं बियाला राहू द्या. मोठा झिंगा दर वर्षी आणावा लागेल; हा आपल्या घरचा आहे.

गाडी यायच्या आधी होणाऱ्या सभेत हाप्याचा आणि वहीचा ठराव घ्या. ज्यांच्याकडे ही पद्धत आधीच चालू आहे त्यांनी आपले आकडे खाली लिहा, म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल.