श्यामचे वळ

'श्यामची आई'मधला पोहण्याचा प्रसंग निघाला की वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येते : आमच्या वेळी असाच मार मिळे, म्हणून आम्ही सुधारलो. हे वाक्य बोलणारे बहुधा आम्ही, म्हणजे शिक्षकच असतो.

विहिरीत उतरायला घाबरून दडलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडपते, एवढेच आम्ही लक्षात ठेवले. साने गुरुजी तिथे थांबलेले नाहीत. श्याम अंगावरचे वळ दाखवतो, आईचे डोळे भरून येतात आणि आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हटलेले सोसवणार नाही, हे ती त्याला सांगते. रुसण्याचा, वळ दाखवण्याचा अधिकार या घरात मुलाला आहे. प्रसंगाचा गाभा आमच्या मते शिंपटीत नसून या बोलण्यात आहे. (मारच टळायला हवा होता, हे खरेच, पण पुस्तक १९३५ सालचे आहे.)

किशोरवयीनांच्या आक्रमकतेवर आल्बर्ट बांडुरा आणि रिचर्ड वॉल्टर्स यांचे पुस्तक १९५९ साली अमेरिकेत निघाले. त्यांनी अभ्यासलेली मुले मोडक्या संसारांतली नव्हती. खाऊनपिऊन सुखी घरांतली होती. आक्रमक मुलांचे वडील घरातला उद्धटपणा मुळीच खपवून घेत नसत, त्यासाठी हातही उगारत. बाहेर मात्र कोणी अंगावर आला तर दोन हात करायला मुलाला उत्तेजन देत. आणि या मुलांना वडिलांविषयी ओढ अशी फारशी नव्हती. वाचताना हे वडील परके वाटत नाहीत. मार खाऊन घरी आलास तर याद राख, हे बजावणे आपल्या वाड्यांत आणि सोसायट्यांत कोणी ऐकलेले नाही?

इथे आम्ही स्वतःच अडखळतो. श्यामच्या आईची धास्तीही तीच : मुलगा भित्रा ठरू नये. फरक असा की त्याने झुंजावे ते पाण्याशी, दुसऱ्या मुलाशी नव्हे. पण हा फरक मार खाणाऱ्या मुलापर्यंत पोचतो, तो कोणी नंतर जवळ बसून सांगितला तरच.

शाळेतल्या छडीला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली. घरातल्या छडीविषयी आम्ही वर्गात अजून विनोदच करतो. पुढच्या वेळी हा पाठ घेताना मुलांना विचारून पाहावे, वळ दाखवल्यावर तुमच्या घरी काय होते? उत्तरे लिहूनच घ्यावीत, नावाशिवाय. नववीतल्या मुलाला हे चारचौघांत सांगणे जमायचे नाही.