पूजेचे आयुध, सुटकेचे साधन

खंडेनवमीला धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी पहार, कुदळ, फावडे धुऊन पुसून त्यांवर हळदकुंकू वाहतो. ज्या साधनांवर घर जगते त्यांच्याविषयी कृतज्ञ राहावे, हा या पूजेचा भाव. साधन वेळेला हाताशी असावे, हा त्यातलाच दुसरा अर्थ मात्र समाजाला विसरून चालणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराची भूमी हादरली. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांतील सुमारे १० हजार माणसे काही क्षणांत काळाच्या पडद्याआड गेली. धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर व आसपासच्या गावांनी हा घाव सोसला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचे जड ओझे झोपलेल्यांच्या अंगावर आले. अशा वेळी पहिला मदतकर्ता शेजारीच असतो. पण घर कोसळले की घरातली पहार आणि कुदळही त्याखालीच जाते. बाहेरची कुमक येईपर्यंत मग उरतात ते रिकामे हात.

नव्या वसाहती पुढे उभ्या राहिल्या. परंतु या जिल्ह्यातील असंख्य तरुण शिक्षण-नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईच्या सदनिकांत राहतात आणि रात्रीच्या बसने ये-जा करतात. तेथे संकटाचे रूप वेगळे आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात दारे अडकल्याने व काचा न उतरल्याने काही जण मोटारीतच गुदमरले. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. बस दाराच्या बाजूवर आडवी झाली होती. काच फोडून बाहेर पडता आले ते मोजकेच वाचले. चोराच्या भयाने खिडक्यांना पक्क्या जाळ्या ठोकणाऱ्या कुटुंबानेही आग लागल्यास बाहेर कसे पडायचे, याचा विचार करावयास हवा.

उपाय खर्चिक नाहीत. एका तरी जाळीला आतून उघडणारी झडप असावी आणि तिची किल्ली घरातील लहानथोरांना ठाऊक असलेल्या खुंटीवर असावी. उशाशी बॅटरी व शिट्टी ठेवावी. मोटारीत टोकदार हातोडी हाताच्या अंतरावर हवी. तिचा घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घालावा. समोरची काच दुपदरी असल्याने ती सहजी फुटत नाही. बसमध्ये बसताच आपत्कालीन दार आणि हातोडी कोठे आहे ते पाहावे, नसेल तर चालकाला जाब विचारावा. गावोगावच्या शाखांनी आणि गणेश मंडळांनी पहार, दोर, घण, करवत यांचा एक संच पक्क्या पण सहज उघडणाऱ्या जागी ठेवावा, आणि वर्षातून एकदा त्याचा सराव करावा.

शासनाची जबाबदारी आहेच. तपासणीवाचून रस्त्यावर धावणारी बस हा अक्षम्य गुन्हा आहे. तथापि पहिली काही मिनिटे शासनाच्या हाती नसतात. ती अडकलेल्याच्या आणि शेजाऱ्याच्या हाती असतात. संघटित समाजाची खरी कसोटी त्याच मिनिटांत लागते.

येत्या खंडेनवमीला देवघरापुढे मांडलेल्या आयुधांत एक हातोडी आणि जाळीची किल्लीही असू द्यावी. पूजा झाल्यावर ती माळ्यावर न टाकता दाराशी ठेवावी.