सोशिकतेची किंमत

म्हातारपणी बुद्धी शाबूत राखावयाची असेल तर मन खंबीर ठेवा, असा उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. हा खंबीरपणा कोणाला केवढ्याला पडतो, हे त्यात सांगितलेले नसते.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथील कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांहून कितीतरी अधिक अवहेलना व दारिद्र्य सोसले. तरीही तीव्र नैराश्याच्या विकाराचे प्रमाण त्यांच्यात गोऱ्यांपेक्षा कमीच असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले. आप्तांचा आणि चर्चचा आधार हे त्याचे एक कारण मानले जाते. मात्र स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कृष्णवर्णीय वृद्धांत गोऱ्या वृद्धांच्या सुमारे दुप्पट आहे. मन खचले नाही, मग बुद्धीला ग्रहण का लागावे?

शर्मन जेम्स या संशोधकाने १९८३ साली सहकाऱ्यांसह उत्तर कॅरोलिनातील कृष्णवर्णीय कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. संकटाशी निकराने झुंजण्याची वृत्ती प्रबळ, पण शिक्षण तुटपुंजे, अशांचा रक्तदाब अधिक आढळला. वाफेच्या यंत्राशी लावलेली पैज जिंकून तेथेच प्राण सोडणाऱ्या, लोककथेतील जॉन हेन्री या मजुराचे नाव त्यांनी या वृत्तीला दिले. पुढील सर्वच पाहण्यांत हा निष्कर्ष टिकला नाही, हे खरे. परंतु उच्च रक्तदाब व अल्प शिक्षण या दोहोंमुळे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये नमूद केले आहे. असे १४ घटक दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल अथवा लांबणीवर पडेल, असा त्याचा अंदाज आहे.

हे घटक आकाशातून पडलेले नाहीत. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला तो १९५४ साली. दक्षिणेत तो त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिला. आज ऐंशीच्या घरात असलेल्या तेथील कृष्णवर्णीयांचे बालपण त्याच शाळांत गेले. वृद्धांना निवृत्तिवेतन देणाऱ्या १९३५ च्या कायद्याने प्रारंभी शेतमजूर आणि घरकामगार यांना वगळले होते. कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने याच कामांत होते.

आपल्याकडे वर्णाची जागा जात, लिंग आणि खेडे यांनी घेतली आहे. अमेरिकेतील पाहणीच्याच धर्तीवर भारतात झालेल्या अभ्यासाचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असून तो पुरुषांहून स्त्रियांत, शहरांहून खेड्यांत अधिक आहे, असे त्यात दिसते. जिला शाळेचा उंबरठा ओलांडू दिला नाही, त्या आजीच्या सोशिकतेचे गोडवे गाणे सोपे आणि बिनखर्ची आहे. तिच्या नातीला पूर्ण शिक्षण, तिला स्वतःला गावातच रक्तदाबाची तपासणी व औषध आणि जगता येईल एवढे निवृत्तिवेतन देण्यास मात्र सरकारला तिजोरी उघडावी लागते. मागणी तीच केली पाहिजे.