डोळ्याची इजा आणि ‘सकाळी पाहू’

मध्य प्रदेशात २०२५ च्या दिवाळीत ‘कार्बाइड गन’ नावाच्या खेळण्याने अनेक घरांतील सण झाकोळून टाकला. भोपाळ, विदिशा आणि आसपासच्या भागांतून शंभराहून अधिक जण डोळ्यांच्या इजा घेऊन रुग्णालयांत दाखल झाले. त्यांत बहुसंख्य मुले होती आणि काहींची दृष्टी कायमची गेली. प्लास्टिकच्या पाइपपासून बनवलेली ही बंदूक रस्त्यावर दीड-दोनशे रुपयांना सर्रास विकली जात होती. त्यानंतर धाडी पडल्या, अटका झाल्या, बंदीचे आदेश निघाले. विक्री कशी झाली, जबाबदार कोण, यावर भरपूर चर्चाही झाली. मात्र डोळ्याला इजा झाल्यापासून डॉक्टरांसमोर पोहोचेपर्यंतच्या काळात घरात काय घडते, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. डोळा वाचणार की जाणार, हे अनेकदा याच काळात ठरते.

या बंदुकीची रचना साधी आहे. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाणी पडले की अॅसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो आणि ठिणगी मिळताच त्याचा स्फोट होतो. बार उडाला नाही की मुले नळीत डोकावून पाहतात आणि नेमका तेव्हाच बार उडतो. पण ही केवळ भाजल्याची इजा नसते. कार्बाइड आणि पाणी यांच्या संयोगातून वायूबरोबर मागे उरतो तो चुना, म्हणजे तीव्र अल्कली. त्यामुळे डोळ्यावर उष्णता, उडालेले कण आणि चुना असा तिहेरी मारा होतो. त्यांतील चुना नंतरही आपले काम करीतच राहतो.

महाराष्ट्रातील घरांना चुना परका नाही. तंबाखू-पानाच्या निमित्ताने चुन्याची डबी किंवा नळी घराघरांत असते. लहान मूल ती दाबते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. आम्ल डोळ्यात गेले तर ते पृष्ठभागावरील प्रथिने गोठवते आणि त्या थराने त्याची पुढची वाट काहीशी अडते. अल्कलीला असा अडसर होत नाही. ती पेशी विरघळवत काही मिनिटांत बुबुळाच्या आतील भागात शिरते. बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागाच्या सीमेवर, बुबुळाचा पृष्ठभाग नव्याने घडवणाऱ्या मूळ पेशी असतात. त्या जळाल्या की नंतर केलेले नेत्ररोपणही बहुधा टिकत नाही.

म्हणूनच रसायनाच्या बाबतीत ‘डॉक्टरकडे केव्हा जावे’ या प्रश्नाचे उत्तर काहीसे उलटे आहे: आधी नळ, मग रिक्षा. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने, पापण्या बोटांनी उघड्या धरून, किमान पंधरा ते तीस मिनिटे डोळा धूत राहावे. जखमी डोळा खालच्या बाजूला ठेवावा, म्हणजे ओघळ दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. मूल किंचाळत असताना हे करणे सोपे नाही, दोघांनी मिळून ते करावे लागते. आम्लावर सोडा किंवा चुन्यावर लिंबू असले उतारे शोधण्यात वेळ दवडू नये. आणि धुतल्यावर मूल शांत झाले म्हणून रुग्णालय टाळूही नये. चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आत चिकटून राहतात. पापणी उलटून ते काढण्याचे काम डॉक्टरांचेच.

अन्य इजांत घड्याळ मिनिटांचे नसून तासांचे असते आणि तेथेच ‘सकाळी पाहू’ हे वाक्य शिरते. याची किंमत किती, हे नेपाळमधील भक्तपूर येथे झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून स्पष्ट होते. बुबुळावर ओरखडा उठलेल्या ४४२ जणांना तेथे प्रतिजैविक मलम देण्यात आले. इजेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही जंतुसंसर्गाची जखम झाली नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना ती झाली. त्याहून उशिरा, म्हणजे २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना झाली. औषध तेच होते, बदलला तो केवळ वेळ.

हे आकडे शेतीप्रधान भागातील असले तरी शहरांनी त्यांच्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. कुंडीतल्या झाडाची काडी, तान्ह्या बाळाचे नख, दुचाकीवरून जाताना उडालेला कण, रात्री न काढलेली कॉन्टॅक्ट लेन्स यांनीही बुबुळावर ओरखडा उठतोच. गावी सुट्टीला गेल्यावर उसाच्या पात्याने किंवा कुसळाने झालेली इजा तर अधिक घातक, कारण वनस्पतीबरोबर बुरशी डोळ्यात शिरते. अशा वेळी घरचे काही उपाय ठरलेले असतात: पदराच्या टोकाने कण टिपणे, गुलाबपाणी, मध, एरंडेल आणि शेवटी कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान. त्या दुकानातून मिळणाऱ्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. हे औषध चिठ्ठीशिवाय देऊ नये, असा नियम आहे. स्टेरॉइडने लाली उतरते, दुखणे कमी होते, रुग्ण समाधान पावतो. आत बुरशी मात्र मोकाट वाढते. आठवड्याने डोळ्यात फूल पडलेले दिसते, तेव्हा उपचारांचा हमखास काळ निघून गेलेला असतो.

या साऱ्या दिरंगाईच्या मुळाशी एक समज आहे: फार दुखत असेल, दिसत नसेल, तरच इजा गंभीर. डोळ्याच्या बाबतीत हे माप फसवे आहे. साधा ओरखडा रात्रभर झोपू देत नाही. उलट छिन्नी-हातोड्याचे काम करताना उडालेला लोखंडाचा बारीक कण वेगाने बुबुळ भेदून आत जातो, तेव्हा अनेकदा केवळ टोचल्यासारखे वाटते आणि दिसतही असते. मागे राहिलेले लोखंड आत गंजत जाऊन दृष्टिपटल निकामी करते. डोळ्यावर क्रिकेटचा चेंडू आदळला तर सूज दोन दिवसांत उतरते, पण आत रक्त साचून डोळ्यातील दाब वाढलेला असू शकतो. काही आठवड्यांनी डोळ्यासमोर काजवे चमकू लागले, काळे ठिपके तरंगू लागले, एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटले, तर ते दृष्टिपटल सुटत असल्याचे लक्षण असते.

वेदना हे माप किती निरुपयोगी आहे, हे गणेशोत्सवातील लेझर झोतांनी अलीकडे दाखवून दिले. नाशिकमध्ये २०२३ च्या मिरवणुकीनंतर काही तरुणांच्या दृष्टिपटलावर रक्तस्राव झाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी निदर्शनास आणले होते. पुण्यात पोलिसांनी २०२४ च्या उत्सवात अशा झोतांवर बंदी घातली. लेझरची इजा दुखत नाही, डोळा लालही होत नाही. फक्त नजरेच्या मध्यभागी एक डाग उमटतो आणि तो थकव्यामुळे आला असावा, असे समजून माणूस झोपी जातो.

तेव्हा किती दुखते, यापेक्षा काय लागले आणि कोणत्या वेगाने लागले, हे विचारणे अधिक उपयोगी ठरते. फटाका, रसायन, धातूचा कण, टोकदार वस्तू, जोराचा मार, लेझर यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच रात्री तपासणी व्हायला हवी. साधी धूळ गेली असेल, पाण्याने धुतल्यावर खुपणे थांबले असेल आणि नजर पूर्ववत असेल, तर थांबायला हरकत नाही. धुऊनही दुसऱ्या दिवशी खुपत राहिले तर मात्र थांबू नये. डोळा फुटल्याची किंवा त्यात काही रुतल्याची शंका असेल, तर पाण्याचा नियमही बदलतो. तेथे धुणे नाही, दाबणे नाही, रुतलेली वस्तू ओढून काढणे तर मुळीच नाही. कागदी पेला किंवा तत्सम कडक आवरण डोळ्याला न टेकेल असे बांधावे आणि रुग्णाला खायला-प्यायला न देता न्यावे, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.

न्यायचे कोठे, हा प्रश्न शहरातही रात्री नऊनंतर अवघड होतो. गल्लोगल्लीचे नेत्रदवाखाने तोवर बंद झालेले असतात आणि अनेक लहान रुग्णालयांत अपघात विभाग असला तरी नेत्रतज्ज्ञ हजर नसतो. वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात नेत्रविभाग असतो. तेथील गर्दीच्या धास्तीने लोक दोन-तीन खासगी दारे ठोठावतात आणि मग तेथेच येतात. आपल्या भागात रात्री डोळ्याचा डॉक्टर नेमका कोठे भेटतो, ही साधी माहिती दिवाळीपूर्वी प्रत्येक प्रभागात फलकावर लावणे महापालिकांना अशक्य नाही. फटाक्यांच्या दुकानांना परवाने देताना त्या दुकानांवरही ती लावून घेता येईल.